साखळी पद्धतीच्या विमा एजन्सीत शिरण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: ओळखीतल्या एकाने एक 'अर्धवेळ व्यवसाय' सुचवलाय. नोकरी सांभाळून आयुर्विमा विकायचा, सोबत आपल्यासारखे आणखी लोक जोडायचे, त्यांच्या विक्रीवरही आपल्याला वाटा मिळणार. भांडवल लागत नाही, परवान्याचा खर्च तेवढा करायचा. एजन्सी नोंदणीकृत आहे, पॉलिसी ज्यांच्या विकायच्या त्या विमा कंपन्याही नावाजलेल्या आहेत. मग लोक याला नावं का ठेवतात, आणि आपण जावं की नाही?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: जाऊ नका. मात्र त्यामागचं माझं कारण नेहमीचं नाही. 'सगळं बोगस असतं, एक दिवस गाशा गुंडाळून पळून जातात' असं बरेच जण सांगतील. विम्याच्या बाबतीत ते सहसा खरं नसतं. पॉलिसी खरी असते, दावा आला तर कंपनी तो देते, कमिशनही खात्यात जमा होतं. म्हणूनच शिकलीसवरलेली, हिशेबी माणसंही यात पडतात. एजंट म्हणून आणि पुढे नव्या एजंटांना तयार करणारा म्हणून या धंद्यात मी बराच काळ काढला. साखळीतून बाहेर पडलेली माणसं आमच्याकडे काम मागायला यायची, तेव्हा त्यांची करारपत्रं आणि कमिशनची विवरणपत्रं पाहायला मिळायची. कंपनी वेगळी, माणूस वेगळा, पण कागद साधारण एकच गोष्ट सांगायचे: या एजन्सीला तुमचं विक्रीकौशल्य फारसं नको असतं. तुमच्या ओळखीच्या माणसांची यादी हवी असते.

हे नीट कळायला आधी कमिशन कसं चालतं ते पाहू. आयुर्विम्यात पहिल्या वर्षीचं कमिशन भरघोस असतं आणि पुढच्या वर्षांचं, म्हणजे रिन्यूअलचं, अगदीच थोडं. अमेरिकेत काही पॉलिसींवर एजन्सीला मिळणारं पहिल्या वर्षाचं कमिशन पूर्ण वर्षाच्या हप्त्याइतकं किंवा त्याहूनही जास्त असतं. हा पैसा विमा कंपनीकडून एका ठरावीक आकड्याने येतो आणि वरपासून खालपर्यंत वाटला जातो. उदाहरणादाखल धरा, १०० रुपयांच्या हप्त्यावर १०० रुपये कमिशन आलं. नवा माणूस ३५ च्या पातळीवर आहे. त्याला आणणारा ५० वर, त्याच्या वरचा ६५ वर, त्याच्याही वरचा ८० वर. ग्राहक शोधला, घरी गेला, तासन्तास बसला, फॉर्म भरून घेतला, वैद्यकीय तपासणीचा पाठपुरावा केला तो नव्या माणसाने, आणि त्याला मिळाले ३५. बाकीचे ६५ वर गेले. या वर जाणाऱ्या फरकाला ओव्हरराइड म्हणतात. विमा कंपनी देते तेवढंच देते, त्यामुळे वर जितक्या पायऱ्या तितका तुमचा घास लहान. तीच पॉलिसी, त्याच कंपनीची, एखाद्या साध्या स्वतंत्र एजन्सीमार्फत विकली असती तर नवख्यालाही याच्या दुप्पट मिळू शकलं असतं. ही तुलना साखळीच्या सभेत कधीच होत नाही.

आता न्यायाने एक गोष्ट मान्य करायला हवी. वरच्या माणसाला वाटा मिळणं म्हणजे काही पाप नाही. एलआयसीच्या विकास अधिकाऱ्याचंही उत्पन्न त्याने उभ्या केलेल्या एजंटांच्या कामाशी जोडलेलं असतं, आणि चांगला विकास अधिकारी त्या बदल्यात एजंटाला घडवतो. प्रश्न एवढाच विचारायचा: वर किती पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस माझ्यासाठी नेमकं काय करतो? एक माणूस शिकवतो, अडलं तर धावून येतो, त्याला वाटा जरूर मिळावा. त्याच्या वरचा, त्याच्या वरचा आणि त्याच्याही वरचा काय करतो? दर शनिवारी स्टेजवर उभा राहून आपलं घर आणि गाडी यांचे फोटो दाखवतो.

बोलावण्याची पद्धत तुम्ही अनुभवलीच असेल. आधी 'विमा' हा शब्दच निघत नाही. 'आर्थिक साक्षरतेची मोहीम', 'एका विस्तारणाऱ्या कंपनीला चांगली माणसं हवीत', 'फक्त अर्धा तास द्या'. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार पहिल्याच भेटीत दिसला तर तो संकोच समजू नका, ती शिकवलेली पद्धत असते. एजंट नेमायचा आहे असं सरळ सांगितलं तर माणूस दोन प्रश्न विचारेल: पगार किती, आणि विकायचं कोणाला? दोन्हींची उत्तरं सोयीची नसतात.

विकायचं कोणाला, याचं उत्तर पहिल्या आठवड्यात मिळतं. वही पुढे सरकवली जाते आणि ओळखीच्या शंभर जणांची नावं लिहायला सांगतात. कोणाचं लग्न झालंय, कोणाला लहान मुलं आहेत, कोणाचं स्वतःचं घर आहे, कोण नोकरीवर नाराज आहे, यावर खुणा करायच्या. मग 'प्रत्यक्ष प्रशिक्षण' म्हणून तुमचा वरिष्ठ, म्हणजे अपलाइन, तुमच्यासोबत तुमच्या मावसभावाच्या घरी येतो. तुम्ही गप्प बसून शिकायचं, बोलणार तो. मावसभाऊ पॉलिसी घेतो ती त्याच्या बोलण्यावर नव्हे, तुमच्या तोंडाकडे बघून. अनेक ठिकाणी या प्रशिक्षणाच्या पॉलिसींचं कमिशन पूर्ण किंवा अर्धं त्या वरिष्ठाच्या नावावर जातं, कारण तुमचा परवाना अजून आलेला नसतो आणि परवाना नसलेल्याला विम्याचं कमिशन देता येत नाही. म्हणजे तुमच्या यादीतली सगळ्यात सोपी, सगळ्यात विश्वासाची माणसं आधीच वापरून होतात, आणि तुमच्या हाती परवाना येईपर्यंत त्यातली मलई गेलेली असते. एका तरुणाचं विवरणपत्र मला अजून आठवतं: स्वतःची पॉलिसी, आईची, बहिणीची आणि मेव्हण्याची, सगळ्या प्रशिक्षणाच्या म्हणून धरलेल्या. स्वतःच्या परवान्यावर त्याने विकलेली पहिली पॉलिसी हीच त्याची शेवटचीही ठरली.

ओळखीच्यांना विकणं मुळातच गैर नाही. प्रत्येक एजंट सुरुवात तिथूनच करतो. पण साध्या एजन्सीला तुम्ही पुढे अनोळखी माणसांपर्यंत पोचावं यात रस असतो, कारण तुम्ही टिकलात तरच तिचा तुमच्यावरचा खर्च वसूल होतो. साखळीत तुमच्यावर खर्च झालेलाच नसतो. परवान्याचे, परीक्षेचे, व्यावसायिक चुकांच्या विम्याचे, महिन्याच्या सॉफ्टवेअरचे, अधिवेशनाच्या तिकिटाचे पैसे तुमचे. तुम्ही चौथ्या महिन्यात सोडून गेलात तरी साखळीचं नुकसान काही नाही. तुमच्या घरच्यांच्या पॉलिसी झाल्या, आणि तुम्ही आणलेले दोघेतिघे आता आपापल्या याद्या लिहितायत. म्हणून इथे तुम्हाला विकायला शिकवण्यापेक्षा माणसं जोडायला शिकवण्यावर भर असतो. सभेत बक्षिसं कोणाला मिळतात ते पाहा. ज्याच्या पॉलिसी वर्षानुवर्षं टिकल्या त्याला की ज्याने या महिन्यात जास्त माणसं आणली त्याला?

'हे पिरॅमिड नाही' असं सांगताना ते जे कारण देतात ते कायद्याच्या भाषेत बऱ्यापैकी बरोबर असतं. अमेरिकेत १९७५ च्या कोस्कॉट प्रकरणात फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या केंद्रीय व्यापार-नियामकाने, पिरॅमिड ओळखण्याची जी कसोटी घालून दिली ती अशी: सहभागी होण्यासाठी पैसे भरायचे, त्या बदल्यात माल विकण्याचा हक्क मिळणार, आणि शिवाय नवी माणसं आणल्याचा मोबदला मिळणार, तोही खऱ्या ग्राहकाला झालेल्या विक्रीशी संबंध नसताना. विमा साखळीत माणूस नुसता आणल्याबद्दल पैसे मिळत नाहीत, पॉलिसी झाली तरच मिळतात, आणि पॉलिसी घेणारा खरा ग्राहक असतो. त्यामुळे साखळी कसोटीतून सुटते. पण तो खरा ग्राहक म्हणजे बहुतेक वेळा नव्या माणसाचं घर, हे कसोटीत पकडता येत नाही. त्यात अमेरिकेत १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यानुसार विम्याचं नियमन प्रामुख्याने राज्यांकडे आहे. राज्याचा विमा विभाग एजंटाचा परवाना तपासतो, ग्राहकाला खोटं सांगितलं का ते पाहतो. नव्या एजंटाला स्वप्नं दाखवून कसं ओढलं, हा तिथला रोजचा विषय नव्हे.

भारतातल्या वाचकासाठी मात्र गोष्ट सोपी आहे. विमा कायदा १९३८ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली आणि कलम ४२अ अन्वये बहुस्तरीय, म्हणजे साखळी पद्धतीच्या, विक्री योजनेतून कोणाला पॉलिसी घ्यायला, चालू ठेवायला प्रवृत्त करण्याला मनाई झाली. अशा योजनेत गुंतलेल्यांविरुद्ध विमा नियामक प्राधिकरण पोलिसांकडे तक्रार करू शकतं. त्याआधीपासून पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा कायदा आहेच. तेव्हा इथे कोणी 'तुमच्या खालच्यांच्या पॉलिसीवर तुम्हाला वाटा' असं सांगत असेल तर त्याला मेंबरशिप म्हणा, रेफरल म्हणा, क्लब म्हणा, चर्चा तिथेच थांबवावी. खालचं सगळं मुख्यतः जिथे ही पद्धत कायदेशीर आहे तिथल्या, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आपल्या लोकांना जास्त लागू पडतं. नव्याने स्थायिक झालेल्यांच्या गोतावळ्यात या एजन्सी फार चटकन पसरतात. नवं गाव, थोड्या ओळखी, आणि त्या ओळखींना नाही म्हणण्याची भीड.

कमाईबद्दल. तुम्हाला जे आकडे दाखवले जातात ते वरच्या मूठभर लोकांचे असतात, हे तुम्हालाही माहीत असेल. फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी २०२४ मध्ये ७० बहुस्तरीय कंपन्यांची उत्पन्न जाहीर करणारी निवेदनं तपासली. यात सगळ्या प्रकारच्या मालाच्या कंपन्या होत्या. बहुतेक सहभागींचं उत्पन्न वर्षाला १००० डॉलर किंवा त्याहून कमी निघालं, म्हणजे महिन्याला ८४ डॉलरच्याही आत. तेही बऱ्याच निवेदनांत खर्च न वजा करता, आणि काहीच न कमावलेल्यांना अनेकदा हिशेबाबाहेर ठेवून. विमा एजन्सीत आणखी एक मेख असते: तिथे 'सरासरी उत्पन्न' सांगताना परवानाधारक किंवा 'सक्रिय' सभासदांचंच धरलं जातं. परवान्याच्या परीक्षेआधीच गळालेले, एकही पॉलिसी न विकलेले त्या सरासरीत नसतात. भागाकार कोणत्या संख्येने केला ते विचारा.

पण नव्या माणसाला खरा फटका कमी कमाईचा बसत नाही. तो बसतो चार्जबॅकचा, आणि याबद्दल सभेत अवाक्षर काढलं जात नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ग्राहक हप्ता महिन्याला भरतो, पण कंपनी कमिशनचा मोठा भाग आगाऊ देते. समजा वर्षाचा हप्ता १२,०००, म्हणजे महिन्याला १,०००. तुमची पातळी ५० टक्के, म्हणजे वर्षाचं कमिशन ६,०००. कंपनीने नऊ महिन्यांचं आगाऊ दिलं तर तुमच्या खात्यात लगेच ४,५०० येतात. आनंदीआनंद. तुमच्या चुलत बहिणीने भिडेखातर घेतलेली ती पॉलिसी तीन हप्त्यांनंतर बंद केली. तीन महिन्यांच्या हप्त्यांवर तुमचं कमावलेलं कमिशन १,५००. उरलेले ३,००० तुम्ही कंपनीला देणं लागता. पुढच्या पॉलिसीच्या कमिशनमधून ते कापले जातात, आणि पुढची पॉलिसी नसेल तर तुमच्या नावावर कर्ज म्हणून राहतात. असे चारपाच चार्जबॅक एकदम आले की माणूस पहिल्यांदा करारपत्र उघडून वाचतो. अमेरिकेत व्हेक्टर वन नावाची एक सेवा आहे. कोणत्या एजंटाकडे कोणाचं देणं थकलंय ते विमा कंपन्या तिथे पाहतात. तिथे नाव चढलं की दुसऱ्या कंपनीची एजन्सी मिळणं कठीण होतं. म्हणजे साखळी सोडून सरळ मार्गाने हाच व्यवसाय करायचा ठरवलं तरी वाट अडते.

भिडेखातर घेतलेल्या पॉलिसी टिकत नाहीत, ही या व्यवसायातली सगळ्यात जुनी माहिती आहे. म्हणूनच पर्सिस्टन्सी मोजतात: तेराव्या महिन्यात, म्हणजे वर्ष उलटल्यावर, किती पॉलिसी चालू आहेत. भारतात विमा कंपन्यांना १३, २५, ३७, ४९ आणि ६१ व्या महिन्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. ज्या एजन्सीत तुम्हाला बोलावलंय तिला एवढा एकच प्रश्न विचारा की तुमच्या शाखेची तेराव्या महिन्याची पर्सिस्टन्सी किती. आकडा चटकन सांगितला तर ऐकून घ्या. 'ते नंतर सांगतो, आधी स्वप्न मोठं ठेवा' असं काही आलं तर चहा संपवून निघा.

वरच्या लोकांनाही खालच्याचा चार्जबॅक बसतो, कारण त्यांचा ओव्हरराइडही परत जातो, आणि काही करारांत खालच्याचं थकलेलं देणं वरच्याच्या अंगावर येतं. म्हणजे तुम्ही पंधरा जण जोडलेत आणि त्यातले दहा पळाले, तर त्यांचं कर्ज तुमच्या खात्यात दिसू शकतं. 'निष्क्रिय उत्पन्न' म्हणून दाखवलेल्या गोष्टीची ही दुसरी बाजू. करारपत्रात हे कलम असतं. वाचून घ्या.

आता काय विकायला लावतात ते पाहू. एक काळ या साखळ्यांचा सल्ला बरा होता: साधी टर्म पॉलिसी (ठरावीक वर्षांत मृत्यू झाला तरच पैसे देणारी, बचत नसलेली) घ्या, उरलेला पैसा वेगळा गुंतवा. अमेरिकेत १९७७ मध्ये आर्ट विल्यम्स यांनी याच घोषणेवर आपली एजन्सी उभी केली, आणि महागड्या बचत-पॉलिसी विकणाऱ्या जुन्या कंपन्यांना त्यामुळे घाम फुटला हे कबूल करायला हवं. पण टर्मचा हप्ता लहान, म्हणून कमिशनही लहान, आणि पाचसहा पायऱ्यांत वाटायला ते पुरत नाही. आज अनेक साखळ्यांत इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ ही पॉलिसी, म्हणजे जिच्यातल्या बचतीचं व्याज शेअर बाजाराच्या निर्देशांकावर ठरतं ती, पुढे केली जाते. 'बाजार चढला तर फायदा तुमचा, पडला तर शून्याखाली जाणार नाही, निवृत्तीत करमुक्त पैसा.' ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात बाजार चढला तरी मिळणाऱ्या व्याजाला वरची मर्यादा असते, ती मर्यादा कंपनी पुढे बदलू शकते, आणि निर्देशांकाच्या वाढीत लाभांश धरत नाहीत. 'शून्याखाली नाही' हे फक्त व्याजाबद्दल खरं आहे. विम्याचा खर्च आणि इतर आकार त्या वर्षीही कापले जातात, त्यामुळे बाजार पडलेल्या वर्षी खात्यातली रक्कम घटते. विम्याचा खर्च वयानुसार वाढत जातो. कमी हप्ता भरत राहिलं तर साठीसत्तरीत, ज्या वयात ती हवी त्याच वयात, पॉलिसी कोसळू शकते. योग्य माणसाला, योग्य रचनेने ती उपयोगी पडते, पण तो माणूस सहसा भरपूर उत्पन्नाचा असतो आणि निवृत्तीची इतर खाती त्याने आधीच भरलेली असतात. तुमच्या यादीतला नुकतं घर घेतलेला मित्र तो नव्हे.

या पॉलिसीचे भविष्यातले आकडे दाखवणारे कागद, ज्यांना इलस्ट्रेशन म्हणतात, इतके गुलाबी होत गेले की अमेरिकेतल्या राज्य विमा आयुक्तांच्या संघटनेला त्यावर २०१५ मध्ये मर्यादा घालावी लागली, मग पळवाटा निघाल्या म्हणून २०२० मध्ये, आणि पुन्हा २०२३ मध्ये. आठ वर्षांत तीनदा. हे कागद समजावून सांगायला अनुभवी माणसालाही घाम फुटतो. तीन आठवड्यांपूर्वी परवाना मिळालेला मुलगा ते आपल्या काकाला समजावतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा.

याहून वाईट म्हणजे जुनी पॉलिसी मोडून नवी घ्यायला लावणं. नवी विकली की पहिल्या वर्षाचं भरघोस कमिशन पुन्हा सुरू होतं, म्हणून मोह मोठा. ग्राहकाचं नुकसान तिहेरी: जुनी मोडताना कापले जाणारे आकार (सरेंडर चार्ज), वाढलेल्या वयानुसार नवा हप्ता, आणि कंपनी दाव्यात माहिती तपासून हरकत घेऊ शकते तो काळ नव्याने सुरू. हा काळ अमेरिकेत साधारणपणे २ वर्षं, भारतात कलम ४५ नुसार ३ वर्षं आहे. निवृत्तीच्या खात्यातले पैसे काढून पॉलिसीत घाला असा सल्ला द्यायला तर विम्याचा परवाना पुरत नाही, रोखे-गुंतवणुकीचा वेगळा परवाना लागतो. तुमचा वरिष्ठ तुमच्यासमोर असा सल्ला देताना दिसला तर त्या अर्जावर तुमची सही होऊ देऊ नका. चौकशी झाली तर सही कोणाची हेच पाहतात.

बढतीच्या पायऱ्यांचं थोडक्यात सांगतो. वरची टक्केवारी मिळवायला सलग काही महिने ठरावीक हप्ता आणि ठरावीक माणसं लागतात. महिन्याच्या अखेरीला थोडं कमी पडलं की माणसं स्वतःच्या नावावर नको असलेली पॉलिसी काढतात, किंवा ग्राहकाचा पहिला हप्ता स्वतः भरतात. दुसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर आहे. भारतात कलम ४१ नुसार अशी सूट दिल्याबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुम्हाला कोणी हे करा असं लेखी सांगणार नाही. 'टारगेटसाठी काहीतरी कर ना' एवढंच म्हणेल.

काही नव्या धाटणीच्या एजन्सी ओळखीच्यांना विकू नका म्हणतात आणि संभाव्य ग्राहकांची माहिती, म्हणजे लीड, विकत देतात. ऐकायला हे बरं वाटतं. पण त्या लीड अनेकदा जुन्या असतात, आधी तीनचार जणांना विकून झालेल्या असतात, आणि त्या विक्रीतही वरच्या लोकांचा नफा असू शकतो. तिथे दर आठवड्याला पैसे मोजणारे ग्राहक तुम्हीच. क्रेडिट कार्डावर लीड घेऊन चार्जबॅकही अंगावर घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. दोन्हीकडून देणं, आणि परिस्थिती सांगितली की उत्तर ठरलेलं: 'तुमची मेहनत कमी पडते.'

करारपत्रात काय बघायचं? रिन्यूअल कमिशन सोडून गेल्यावरही मिळतं का, की तुम्ही गेलात की बंद. ग्राहक कोणाचे: तुमचे की एजन्सीचे, आणि सोडल्यावर किती काळ तुम्ही त्यांना काही विकू शकत नाही. दुसऱ्या एजन्सीत जायचं तर वरिष्ठाचं सोडपत्र लागतं का. ते तो देत नसेल तर कंपनी तुम्हाला काही महिने वाट पाहायला लावते, आणि विक्रीवर जगणाऱ्याचा ते महिने खिसा रिकामा असतो. आगाऊ कमिशनऐवजी जसजसा हप्ता येईल तसतसं कमिशन घ्यायची सोय आहे का. नवख्याने तीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. पैसा हळू येतो पण परत जात नाही. 'आगाऊच घ्यावं लागतं' असं सांगितलं तर का, ते विचारा.

तुम्हाला खरंच विमा विकायचा असेल, आणि हा धंदा चांगला आहे असं मी अजूनही मानतो, तर परवाना स्वतः काढा. तो तुमच्या नावावर असतो, साखळीच्या नाही. मग अशी एजन्सी शोधा जी तुम्हाला पहिल्या दिवशी टक्केवारी लेखी देईल, माणसं आणायची सक्ती करणार नाही, आणि जिथे तुमच्यावरचा माणूस स्वतः आजही पॉलिसी विकतो. स्थावर मालमत्तेचा आणि वाहनांचा विमा करणाऱ्या छोट्या कचेरीत पगारावर वर्षभर काम केलं तर फॉर्म, दावे, ग्राहकाचे प्रश्न हे सगळं दुसऱ्याच्या पैशाने शिकायला मिळतं. त्याला स्टेज नाही, टाळ्या नाहीत.

आणि आधीच आत शिरला असाल तर आज एक काम करा. आपल्या खात्याचं पूर्ण विवरणपत्र मागवा: किती आगाऊ घेतलं, किती कमावलं, किती देणं आहे. बाहेर पडताना राजीनामा लेखी द्या आणि प्रत्येक विमा कंपनीकडची नियुक्ती रद्द झाल्याचं पत्र घ्या. एजन्सीला कळवलं म्हणजे कंपन्यांना कळलं असं होत नाही. ज्यांना पॉलिसी विकल्या त्यांना स्वतः फोन करा. अजून परतीच्या मुदतीत असलेल्या पॉलिसी त्यांना नको असतील तर पूर्ण किंवा थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. भारतात ही मुदत २०२४ पासून ३० दिवसांची आहे, अमेरिकेत राज्यानुसार १० ते ३० दिवस. मुदत टळून गेलेल्यांना मात्र घाईत पॉलिसी बंद करायला सांगू नका. गरज खरी असेल तर आधी दुसरी पॉलिसी मंजूर होऊन हातात यावी, मगच जुनी सोडावी. मधल्या काळात तब्येतीत काही निघालं तर नवी मिळणार नाही, आणि जुनी तर गेलेली असेल.